उलटी उमटलेली बेल

सरक अशी जवळ. आणि मोबाइल उपडा ठेव आधी. भाची म्हणवतेस आणि मावशी कागदावरून बोलायला लागली तरच ऐकतेस, शोभतं का गं तुला?

नावाच्या पाट्या कापायला घेतलेलं तुझं ते लेसरचं मशीन, पुण्याला नोकरी लागल्यावर माझ्या माळ्यावर टाकून गेलेलं, ते मी खाली उतरवलं. दाराची बेल बंद पडली म्हणून. तुझ्या काकांनी स्वतः केलेली ती. टिंग, मग जरा दम खाऊन टाँग. बाजारातल्या बेला आरत्या म्हणतात, मला नको त्या. आतलं सर्किट पार जळलं होतं, पण आकृती त्यांच्या वहीत होती.

ते असताना सर्किट घरीच व्हायचं. नक्षी चकचकीत कागदावर छापायची, तांब्याच्या पाटीवर पालथी घालायची, वरून इस्त्री दाबली की शाई तांब्यावर उतरायची. इस्त्री दाबायचं काम माझं. लेसरचं मात्र मी व्हिडिओ बघून बघून शिकले. पाटीला काळा स्प्रे मारायचा, आणि जिथलं तांबं नको तिथला रंग लेसरनं जाळायचा.

शेजारीण भिंतीवरून ओरडली, "काय जळायलंय ओ अक्का?"

"बेल करायलेय."

"बेल? कोण येतंय ओ तुमच्याकडं? मी तर हितनंच हाक मारते की!"

हसली ती. मीही हसले. खोटं काय त्यात? दूधवाला दाराच्या पिशवीत दूध टाकून जातो, पार्सलवाला फाटकातून फोन करतो.

फेरिक क्लोराइडच्या पाण्यात पाटी हलवत बसले. उघडं तांबं विरघळलं, उरलेला रंग थिनरनं पुसला, नक्षी लखलखली. भोकं पाडली. मग वहीशी ताडून बघते तर चिपचा एक नंबरचा पाय आठ नंबरच्या जागी! सगळी नक्षी उलटी. इस्त्रीत कागद पालथा पडतो, नक्षी आपोआप फिरते. लेसर थेट तांब्यावर लिहितो, तिथं आधी आपणच फिरवायची. माझ्या डोक्यात अजून इस्त्रीच.

पाटी टाकून देववेना. मग एरवी मागच्या कोऱ्या बाजूनं बसवायचे ते सगळे भाग तांब्याच्याच बाजूनं बसवले, म्हणजे उलट्याचं सुलट झालं; चिपचे पाय फाकवून, भिंगातून बघत सोल्डर केले. दोन दिवस गेले त्यात.

बाहेर जाऊन बटण दाबलं. टिंग... टाँग. अगदी तीच गं! दार ओढून घेतलेलं, मी पायरीवर उभी. आतून "आले, आले" म्हणणारं कुणी नव्हतं.

बाहेरून कशी वाजते ते कळलं. आत स्वयंपाकघरात बसलेल्या माणसाला कशी वाटते, ते एकटीला कसं कळणार? शेजारणीला म्हटलं असतं तर दाबली असती तिनं. पण सांगून दाबलेली बेल ती काय बेल?

लवकर ये की एकदा. फोन करू नकोस, फाटकातून हाक मारू नकोस. नुसतं बटण दाब आणि थांब. गुडघ्यांमुळं दाराशी यायला मला जरा वेळ लागतो.