बोलपटातली आजी मी ओळखली

आम्ही पंचवटीतले तीर्थोपाध्याय. यात्रेकरू आला की गाव-आडनाव विचारायचं आणि वहीतून त्याच्या खापरपणजोबांपर्यंतची नावं वाचून दाखवायची, हा घरचा धंदा. वडिलांची नजर अधू झाली तशी मोडीतलं ते वाचन माझ्याकडे आलं. मी सोळा वर्षांची, अक्कल गुडघ्यात आणि नाक आभाळात.

अशात स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर, आई नव्हती, आत्याच्या शब्दावर घर चालायचं. आत्याबाई म्हणाल्या, पाटावर बसून खाली मान घालायला काय, सगळ्याच घालतात. दोन्ही घरं मिळून बोलपटाला जाऊ, तिथे मुलगी कशी वागते ते दिसेल. आईनं मला बजावलं की आज तोंड उघडलंस तर हे स्थळ गेलंच समज. मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पटाईत होते.

बोलपटाचा नायक घड्याळाला उलटी किल्ली देतो आणि थेट आजोबांच्या काळात जाऊन पडतो. तिथे नदीवर एक मुलगी भेटते. हा लगेच प्रेमात. लोक खो खो हसत होते. मग ती लाजत लाजत आपल्या वडिलांचं नाव आणि गाव सांगते, आणि मी ताठ बसले. हेच नाव, हेच गाव नायकाच्या म्हाताऱ्या आजीनं सुरुवातीला माहेरचं म्हणून सांगितलं होतं! आमच्या घरी अशी नात्याची गाठ ताबडतोब लागते.

नेमकं तेव्हाच रीळ तुटलं, आवाज बंद पडला, आणि त्या शांततेत बायकांच्या बाकांवरून माझा आवाज गेला, "अरे, सोड तिचा हात, ती तुझी सख्खी आजी आहे."

पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या आल्या. आईनं पदरात तोंड लपवलं. अर्ध्या तासानं बोलपटानंही तेच सांगितलं, तेव्हा मी बावळट विजयी मुद्रेनं चौफेर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई मास्तरांना घेऊन नकार द्यायला आल्या. मुलगी चारचौघांत ओरडते, म्हणाल्या. वडील शांतपणे म्हणाले, "ओरडली खरी. पण चुकीचं ओरडली का?"

मास्तर इतका वेळ छताकडे बघत होते, ते म्हणाले, "मला शेवटपर्यंत कळलं नव्हतं, आत्या." मग प्रथमच माझ्याकडे वळून विचारलं, "पण त्यानं आजीशीच लग्न केलं असतं, तर त्याचे वडील जन्मले कसे असते?"

आईनं डोळे मोठे केले. मी म्हटलं, "म्हणून तर वेळेवर कुणीतरी ओरडायला हवं होतं."

आत्याबाई आधी रागानंच बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले, हसू काही आवरेना. "आमच्या घरात सगळे मुखदुर्बळ आहेत," त्या वडिलांना म्हणाल्या, "एक असू दे अशी." त्याच बैठकीत सुपारी फुटली.