वरचा बोल्ट आधी

मामाजींनी सीलबंद डब्यावर आयुष्यात कधी विश्वास ठेवला नाही. डबा गिअर ऑइलचा असो, खोबरेल तेलाचा असो, नाहीतर नातवासाठी आणलेल्या दुधाच्या पावडरीचा असो, ते सील फोडायचे, झाकणाची आतली बाजू नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटून वास घ्यायचे. दुकानदाराला राग आला तर म्हणायचे, "सील लावनारा बी मानूसच असते ना?" पुढे डब्यांवर मोबाइलने स्कॅन करायचे चौकोन आले. असली-नकली आता घरबसल्या कळतं, असं मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अन् तो चौकोन कोनं छापला?"

मामाजी म्हणजे माझे सासरे. यवतमाळजवळ लोहाऱ्याला, एमआयडीसीच्या कडेला त्यांचं घर आणि घरामागे टिनाच्या शेडमध्ये गॅरेज. गॅरेज म्हटलं की चार पोरं, आरडाओरडा आणि मोठ्याने लावलेली गाणी डोळ्यांसमोर येतात. यांच्याकडे यातलं काहीही नव्हतं. एकटा माणूस आणि भिंतीवर ओळीने टांगलेले पाने. मदतनीस का ठेवत नाही, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असे: "मंग त्याच्यामांगं पाहत बसू का गाडीखाली पाहू?"

फोन आला की उचलून ते गप्प राहायचे. पलीकडचा हॅलो हॅलो करून दमायचा, शेवटी स्वतःचं नाव सांगायचा, मग यांचा आवाज फुटायचा. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती तरी मीही प्रत्येक वेळी नाव, गाव सांगूनच पुढे बोलत असे. एकदा गंमत म्हणून नुसतंच "मी बोलतोय" म्हणालो, तर त्यांनी फोन ठेवून दिला.

पण त्यांच्या संशयाची खरी सही होती लाल नेलपॉलिश. कुठलाही बोल्ट आवळला की ते त्यावरून एक बारीक लाल रेघ ओढायचे, अर्धी बोल्टवर, अर्धी गाडीच्या अंगावर. नंतर कुणी तो बोल्ट इकडचा तिकडे केला की रेघ तुटते आणि चोरी पकडली जाते. ही युक्ती गॅरेजपुरती राहिली असती तर ठीक होतं. ती घरात शिरली. गॅसच्या रेग्युलेटरवर रेघ, टाकीच्या कॉकवर रेघ. "लोनच्याच्या बरनीले बी लावली होती यायनं," मामीजी, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगायच्या, "अन् म्या फोड काढली तं मलेच पकडलं." नेलपॉलिशची बाटली अर्थातच त्यांच्या मुलीची, म्हणजे संघमित्राची. तिच्या नखांना लग्नापर्यंत तो रंग फारसा लाभला नाही.

मी संघमित्राला पाहायला गेलो तेव्हा यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. महागावजवळ माझी रोपवाटिका आहे. रोपं पोचवायला एक जुनी जीप घेतली होती, तीच घेऊन आई आणि काकांसोबत लोहाऱ्याला आलो. जय भीम झालं, पोहे झाले, मुलगी पाहून झाली. पाहून झाली म्हणजे काय, मी पहिल्या पाच मिनिटांतच मनात होकार देऊन बसलो होतो आणि तिच्या डोळ्यांतही नकार दिसत नव्हता. काका पुढचं बोलणं काढायला वळले तर मुलीचे वडील जागेवर नाहीत. शोधाशोध झाली. ते अंगणात माझ्या जीपखाली होते. फक्त पाय बाहेर दिसत होते.

आमच्यात पत्रिका पाहत नाहीत. मामाजींनी गिअर बॉक्स पाहिला. बाहेर आले ते उजव्या हाताचं एक बोट वर धरून. बोटाला डांबरासारखं काळं तेल.

"गिअरचं ऑइल कवा बदललं, बाबू?"

"मागच्याच वर्षी बदललं," मी म्हणालो. तसं मला गाडी विकणाऱ्याने सांगितलं होतं.

त्यांनी ते बोट आधी माझ्या नाकाखाली धरलं, मग काकांच्या, मग माझ्या आईच्याही. जळका, कुजका वास होता. "याच्यात चुरा हाय. हे चार वर्सात कोनं बदललं नाही. आपल्या गाडीत काय हाय हे ज्याले माहीत नाही, त्याच्या घरात पोरगी कशी द्यू?" काकांचा चेहरा पडला. आईने पदर सावरला, म्हणजे आता निघायचं. तेवढ्यात ते म्हणाले, "पुढच्या रविवारी या. एकटे या. तेल घेऊन या अन् माह्यासमोर बदला."

काका वाटेत आर्णीपर्यंत बडबडत होते, की असल्या घरात सोयरीक करायची नाही. मी मात्र आठवडाभर ऑइल बदलण्याचे व्हिडिओ पाहत होतो.

रविवारी डबा घेऊन हजर झालो. त्यांनी सील फोडलं, वास घेतला आणि "ठीक हाय," म्हणाले. ते मला सर्टिफिकेट वाटलं. पोतं अंथरून मी जीपखाली शिरलो. गिअर बॉक्सला दोन बोल्ट असतात. खालच्यातून जुनं तेल सोडायचं, बाजूला वर असतो त्यातून नवं भरायचं. गाडी महागावहून आलेली, तेल गरम, पातळ. मी रुबाबात खालचा बोल्ट सोडला. भळभळ काळं तेल घमेल्यात पडलं. शेवटचा थेंब गळेपर्यंत मी थांबलो, बोल्टाला चिकटलेला लोखंडाचा चुरा पुसला, नवा वायसर टाकून तो पुन्हा आवळला. मग वरच्या बोल्टला पाना लावला.

तो हलेना. पाय टेकवून ओढला, तरी हलेना. पाना सटकून बोटांची सालटी निघाली. बाहेर मामाजी पालथ्या घमेल्यावर बसून चहा पीत होते. बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज आला.

"आता घरी कसे जान?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गिअर बॉक्स रिकामा, भरायची वाट बंद. अशी गाडी महागाव सोडाच, फाटकाबाहेरसुद्धा नेता येत नाही.

"वरचा बोल्ट आधी," मामाजी म्हणाले. "भरता येते का ते पाहावं, मंग रिकामं करावं. एवढं ज्याले समजलं त्याचं अडत नाही."

मी चूक कबूल करणारच होतो. पण त्या बोल्टकडे पाहताना दुसरंच दिसलं. सगळ्या गिअर बॉक्सवर चिखलाचा थर होता आणि या एकाच बोल्टच्या कडा चकाकत होत्या. ताज्या पान्याच्या खुणा. मग आठवलं, गेल्या रविवारी यांच्या बोटाला तेल लागलं होतं. ते लागलं म्हणजे हा बोल्ट त्यांनी उघडला होता. उघडला म्हणजे बंदही त्यांनीच केला. आठ दिवसांपूर्वी सहज उघडलेला बोल्ट आज असा जन्माचा चिकटतो कसा? मी पोत्यावर पडल्या पडल्या संतापलो. या माणसाला मुलगी द्यायचीच नव्हती, तर तोंडाने नाही म्हणायचं. पाना फेकावा आणि बसने घरी जावं, गाडी गेली खड्ड्यात, इथपर्यंत आलो.

तेवढ्यात संघमित्रा पाण्याचा गडवा ठेवायला वाकली आणि कुजबुजली, "जाऊ नका बरं. बाबा मघाशी आईले म्हनत होते, पाना टाकून पळते का पाहू."

मग कसला जातो! आट्यांवर डिझेल सोडलं, वाट पाहिली. हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलके हलके ठोकलं. पान्याला पाइप अडकवून जोर लावला. सूर्य डोक्यावर आला, टिनाचं शेड तापलं, बोल्ट होता तिथेच. मामाजींनी जेवायलाही बोलावलं नाही. पण स्वतःही जेवले नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. शेवटी ते वाकले आणि म्हणाले, "आधी थोडा आवळा. मंग सोडा."

"अजून आवळू?" मी जवळजवळ ओरडलोच. थट्टा चाललीय असं वाटलं. पण दुसरं काही उरलं नव्हतं. केसभर आवळला, मग उलटा ओढला. कट्ट असा बारीक आवाज आला आणि बोल्ट फिरला. मी पंपाने तेल भरलं, भोकातून बाहेर ओघळेपर्यंत भरलं, बोल्ट लावला. मामाजी आत सरपटत आले, एक बोट फिरवून पाहिलं आणि खिशातून नेलपॉलिश काढून दोन्ही बोल्टांवर रेघ ओढली. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "पुढचं तेल बदलाले दोघं मिळून या." एवढ्यावर आमचं लग्न ठरलं.

हुंडा आम्ही घेतला नाही. संशय तेवढा सासरहून घेऊन आलो. बियाण्याचं पाकीट आता मी उन्हात धरून पाहतो, सहीच्या आधी कागद उलटा करतो. मात्र या माणसाने माझ्यावर विश्वास टाकला असं मला कधी वाटलं नाही. मी गेलो की आधी माझ्या जीपखाली डोकावून रेघ शाबूत आहे का पाहणार, मग जय भीम. शेडमध्ये त्यांची स्वतःची एक खाकी जीप होती. तिच्या बोल्टला कुणी हात लावायचा नाही. "यंदा तुमच्या गाडीचं तेल मी बदलतो," असं मी दरवर्षी म्हणायचो आणि ते दरवर्षी "पाहू" म्हणायचे. त्यांच्या तोंडी 'पाहू' म्हणजे नाही. जावई होऊन दशक उलटलं, तरी मी अजून त्या पोत्यावरच पडलेलो आहे, असं वाटायचं. मला ते लागायचं. खोटं कशाला बोलू?

एकदा धीर करून विचारलंच. "मामाजी, त्या दिवशी तो बोल्ट तुमीच आवळून ठेवला होता ना?"

त्यांनी पाना पुसला, भिंतीवर त्याच्या जागी टांगला. "संशय येते ना? येऊ द्या. संशय आला तरच मानूस खाली वाकून पाह्यते."

गेल्या हिवाळ्यात त्यांचे हात कापायला लागले. चहाचा कप बशीवर वाजायचा. मग दवाखाना आला. तिथेही औषधाची बाटली आपल्यासमोर उघडायला लावायचे, झाकणाचा वास घ्यायचे. नर्सबाई हसायच्या. शेवटच्या आठवड्यात मी भात भरवायला बसलो तर त्यांनी आधी चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वास न घेता तोंड उघडलं. मला वाटलं, ताकद उरली नाही म्हणून.

ते गेल्यावर महिन्याभराने मामीजी म्हणाल्या, "ते खाकी जीप तुमीच घेऊन जा. इथं उभ्यानं सडून जाईन." महागावपर्यंत न्यायची तर तेल आधी बदलायला हवं. मी डिझेल, हातोडी, पाइप असा सगळा सरंजाम घेतला आणि पोतं अंथरून खाली शिरलो. वर्षानुवर्षं दुसऱ्या कुणाचा हात न लागलेली गाडी. सगळ्या बोल्टांवर लाल रेघा, एकही तुटलेली नाही. फक्त गिअर बॉक्सच्या वरच्या बोल्टची रेघ तुटली होती. बोल्टवरचा लाल तुकडा एकीकडे, गाडीवरचा दुसरीकडे.

मी चपापलो. या गाडीला हात कुणी लावला? तसाच आतून ओरडलो, "मामीजी, खाली कोन शिरलं होतं?"

"दुसरं कोन शिरते, बाप्पा? हेच." त्यांची पावलं जीपजवळ येऊन थांबली. "दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी. हात कापून राह्यले होते, पाना दोनदा खाली पडला. म्या म्हनलं कायले जीव काढता, तं म्हने, तो बोल्ट जाम हाय. मांगून जवाईबुवाले जड जाईन."

मी पाना बाजूला ठेवला. बोल्टला दोन बोटं लावली आणि तो फिरला. आट्यांना ताजं ग्रीस लावलेलं होतं. बोल्ट हातात आला आणि मी तो तसाच धरून पडून राहिलो. ग्रीसचा वास येत होता. डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत गेलं आणि हात तेलकट असल्यामुळे पुसताही येईना.

बाहेर संघमित्राची पावलं आली. "किती वेळ झाला हो," ती म्हणाली. "जाम आहे का?"

"हो," मी आतून म्हणालो. "लय जाम आहे. वेळ लागंन."