पाण्याचा रिपोर्ट

"कशावरून?" असं विचारताना ते उजवी भुवई वर करायचे आणि उत्तर मिळेपर्यंत खाली आणायचे नाहीत. तुमच्याही इमारतीत असा एखादा म्हातारा असेल. बेळ्ळंदूरच्या आमच्या सोसायटीत आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं, पण घरात मराठी; 'बरं'च्या जागी कन्नड 'सरी' तेवढं यायचं. सगळी नोकरी एका कारखान्यात मापं तपासण्यात गेलेली.

ग्रुपवर कुणी तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचे गुण टाकले, की खाली त्यांचा प्रश्न हजर. "अहो, वर्षानुवर्षं चालत आलंय," असं कुणी म्हटलं, तर म्हणायचे, "सरी. चूकसुद्धा चालत येते की." त्यांना पाहून लोक लिफ्ट सोडून जिना धरायचे. त्यांची बायको, आमच्या अक्का, हसून सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हा पोहे हिनेच केले कशावरून, असं विचारलं ह्यांनी."

मागच्या उन्हाळ्यात नळाच्या पाण्याला वास यायला लागला. अण्णा घरात पाणी उकळून प्यायला लागले आणि तपासणीसाठी कमिटीच्या मागे लागले. सेक्रेटरी मी. पुण्याहून आलेला, आयटीतला. नमुना आणायचं काम माझ्याकडे आलं. जमिनीखालच्या टाकीचं झाकण लोखंडी, जड, आणि मला ऑफिसचा कॉल होता. मी क्लबहाउसमधल्या फिल्टरच्या नळाखाली बाटली धरली आणि तिच्यावर 'टाकी' अशी चिठ्ठी चिकटवली. रिपोर्ट अर्थातच स्वच्छ आला.

अण्णांनी तो दोनदा वाचला.

"नमुना कुठून घेतलास?"

"टाकीतून."

"झाकण उघडून?"

"हो, अण्णा."

"सरी. तू स्वतः घेतलास म्हणजे विषय संपला."

जन्मभर कुणाच्या शब्दावर न विसंबलेला माणूस माझ्या शब्दावर विसंबला, कारण मी त्यांच्याशी मराठीत बोलायचो आणि चतुर्थीला त्यांच्याकडे जेवायचो. त्याच दिवशी त्यांनी पाणी उकळणं बंद केलं. त्यांच्या विचारात चूक नव्हती. चूक मी होतो.

महिन्याभरात अक्कांना कावीळ झाली. शेजारी पाण्याला दोष देऊ लागले, तर अण्णाच त्यांना थांबवायचे. "कशावरून? रिपोर्ट आहे. शिवाय मीही तेच पितो, मला कुठे काय झालं?" मी तिथेच उभा असायचो. पंधराव्या दिवशी अक्का गेल्या. अण्णा घर बंद करून जे. पी. नगरला बहिणीकडे राहायला गेले.

नंतर टाकी धुवायला माणसं उतरली, तेव्हा सांडपाण्याचा पाइप आत झिरपताना दिसला. आम्ही एका दिवसात तो दुरुस्त केला आणि ग्रुपवर 'टाकी साफ झाली' एवढंच टाकलं. खाली बऱ्याच जणांनी हात जोडले.

परवा अण्णांना भेटून आलो. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. चहा झाल्यावर त्यांनी एक वही माझ्यापुढे सरकवली. आजारापूर्वी अक्कांनी काय खाल्लं, काय प्यायलं, आठवून आठवून लिहिलेलं. पहिलीच ओळ नळाच्या पाण्याची. पुढे 'रिपोर्ट स्वच्छ' असं लिहून ती खोडली होती. खालच्याही एकेक करून खोडलेल्या. उरली होती ती एकच, देवळासमोरच्या गाड्यावरचा उसाचा रस.

"तिला नको होता रे," ते म्हणाले. "स्वल्प घे, स्वल्प घे म्हणून मीच आग्रह केला. बाकी सगळं तपासून झालं. मीच मारलं तिला."

मला लाज वाटली, पण तोंड उघडण्याइतकी नाही. वही मिटून मी त्यांच्या हातात दिली, "येतो, अण्णा," म्हटलं आणि चपला घातल्या.