माकडसर

बाजारात कुणी ‘ओ माकडसर’ अशी हाक मारली, तर सर वळून ‘व्हय’ म्हणायचे. हुलसूरच्या हायस्कूलमध्ये ते विज्ञान शिकवत. नाव पोरांनी ठेवलं, गावाने उचललं. राग येत नाही का, असं मी एकदा विचारलं. “कामून यावा? त्या नावात माझा एक धडा हाय. नाव राहिलं तर धडा राहील.”

धडा उत्क्रांतीचा. सर माकडाचा माणूस झाला असं शिकवतात, ही गावाची समजूत. मला नेमकं बोलायची सवय आहे, म्हणून सांगतो: माकड आणि माणूस यांचे पूर्वज फार मागे एकच होते, एवढंच ते शिकवत. हा फरक मी सांगून थकलो.

एका वर्षी पालक शाळेवर गेले. पुढे माझे चुलते, अप्पा. “आमच्या पोरांना जनावराची औलाद म्हणायलाव व्हय?”

सरांनी शांतपणे विचारलं, “अप्पा, बियाण्याला कणसं कसली ठेवता?”

“टपोरी, गच्च दाण्याची.”

“हलकी कामून न्हाई?”

“हलकी पेरली तर हलकीच येतील की!”

“मग पिढ्यान्‌पिढ्या निवडून ज्वारी बदलली ती तुमच्याच हातानं. जंगलात तेच काम ऊन, रोग, दुष्काळ करतात.”

“ज्वारीचं ज्वारीला. माणसाचं येगळं,” अप्पा म्हणाले. सरांनी धडा सोडला नाही.

सर रोज पूजा करत. कुणी टोमणा मारायचं, “मग घंटी कुणाला वाजवायलाव?” “देवालाच. त्याला घाई न्हाई, तुम्हाला हाय.” पण पुढे ते म्हणायचे, “सगळ्यांचा मूळपुरुष एकच, तर पंगती दोन कामून?” मला वाटतं, गावाची खरी अडचण ही होती. माकड त्यांनी एक वेळ सोसलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात सर वारले. शोकसभेत वक्ते म्हणाले, “सर धर्मनिष्ठ. ते माकडाचं नोकरीपायी शिकवावं लागलं, मनातून मानत नव्हते.” माना डोलल्या. मी उठून म्हणालो, “मानत होते.” अप्पांनी माझी बाही ओढली. “बस खाली. मेलेल्या माणसाला कामून बदनाम करायलास?”

सुगीत अप्पा खळ्यावर बियाण्याची कणसं निवडत होते. हलकं कणीस हातात आलं की बाजूला फेकत. मला राहवलं नाही. “अप्पा, माकडसर हेच सांगत होते.”

अप्पांनी वर पाहिलं नाही. “नुस्तं सर म्हण,” ते म्हणाले, आणि पुढचं कणीस उचललं.