पुढच्या माणसाचा पगार

कार्यालय उघडलं की बिराजदार साहेब आपल्या खोलीत न जाता दाखल्यांच्या खिडकीसमोरच्या रांगेत उभे राहायचे. सोलापूरजवळच्या आमच्या नगरपालिकेच्या संगणक विभागाचे ते प्रमुख. पुढे जन्मदाखल्यासाठी आलेली बाई, मागे रहिवासी दाखल्यासाठी आलेला म्हातारा आणि मध्ये साहेब. खिडकीपाशी पोचायला किती वेळ लागतो ते पाहायचे आणि मगच कामाला लागायचे. "खोलीत बसून कळत न्हाय हो. हितं पाय दुकले की कळतंय," म्हणायचे.

ते मूळचे मैंदर्गीचे. घरात कन्नड, कचेरीत मराठी. पुण्यातली मोठी नोकरी सोडून आईसाठी परत आले होते. सोलापुरात शुक्रवार पेठेत राहायचे आणि एसटीने ये-जा करायचे. इथला पगार तिथल्या पगाराच्या पासंगालाही पुरत नव्हता. कुणी तो विषय काढला, तर "इरली बिडी" म्हणत. म्हणजे, असू द्या.

मी आस्थापना विभागात. नेमणुका, पगार, रजा, सगळे कागद माझ्या टेबलावरून जायचे. एके दिवशी साहेब स्वतः फाईल घेऊन आले. संगणक प्रमुखाच्या पदाला बाजारात मिळतो तसा पगार द्यावा, असा प्रस्ताव होता. सोबत अशा कामाला पुणे-हैदराबादच्या कंपन्या काय देतात, त्याचा तक्ता. मागितलेला आकडा मुख्याधिकाऱ्यांच्या पगाराहून मोठा होता.

"एवढा पगार, साहेब? इथं?"

"दोन माणसं तयार केली मी. दोनी पुण्याला गेली. त्यांचं काय चुकलं? सगळ्या गावाचे दाखले, कर, पाणीपट्टी एका माणसाच्या हातात द्यायची आन त्याला कारकुनाच्या भावात मागायचं. कोण येणार?"

"कुणी कशाला यायला हवं? तुम्ही आहातच की."

त्यांनी फाईल माझ्यापुढे सरकवली. "मी पदाचं बोलतोय. माजं न्हाय."

मला ते खरं वाटलं नाही. इतकी वर्षं त्याच खुर्चीत काढून माझा पगार कुठवर आला होता, तेच डोक्यात घोळत राहिलं. आज कबूल करतो, तो मत्सर होता. मी फाईलवर शेरा लिहिला : ‘प्रस्ताव सादर करणाऱ्या अधिकाऱ्याचे हितसंबंध गुंतलेले दिसतात.’ बैठकीत तेवढंच वाक्य मोठ्यानं वाचलं गेलं. कुणीतरी हसलं. प्रस्ताव फेटाळला गेला.

बाहेर आल्यावर साहेब भांडतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "तुमचं काम तुमी केलं. इरली बिडी." जिना उतरताना मध्येच कठडा धरून ते बराच वेळ उभे राहिले. मी बाजूनं पुढे निघून गेलो.

चार महिन्यांनी ते गेले. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. दीड वर्षं डायलिसिसवर होते आणि कार्यालयात कुणालाच माहीत नव्हतं. आठवड्यातून दोनदा बँकेचं काम सांगून ते अर्ध्या दिवसाची रजा घेत. त्या सगळ्या रजांवर सही माझीच होती.

महिन्याभरानं त्यांच्या पत्नी कागदपत्रांसाठी आल्या. सह्या झाल्यावरही बसून राहिल्या.

"एक इचारू का? माज्यानंतर येणाऱ्याला कामाजोगा पगार मिळाला पायजे, असं हे म्हणायचे. मांडलंय म्हणले आपिसात. झालं का हो ते?"

"नाही झालं, वहिनी," मी म्हणालो. कुणामुळे, ते सांगायचं धाडस झालं नाही. त्यांनी मान हलवली आणि पिशवी उचलली.

जुन्या पगारावर जाहिरात दोनदा निघाली. एकच जण आला, तोही महिन्यात सोडून गेला. मग मी साहेबांचाच प्रस्ताव नव्यानं मांडला. जुनी फाईल जोडावी लागली. शेरा खोडता येत नाही. त्याखाली मी लिहिलं : ‘वरील शेरा माझा आहे. तो चुकीचा होता.’

या वेळी मंजुरी मिळाली. हैदराबादहून आलेल्या एक बाई आता विभाग सांभाळतात, आणि उत्तम सांभाळतात. लोक मला म्हणतात, चांगलं माणूस आणलंत तुम्ही. मी प्रत्येकाला सांगतो, हे काम बिराजदार साहेबांचं.

नवे लोक विचारतात, "कोण बिराजदार?"