पक्कं बिल हवं? मग जीएसटी लागेल

"हिला काउंटरवर बसवू. ही बोलत नाही. पेशंटने दोनदा विचारलं आणि समोरून उत्तरच आलं नाही, की तो आपोआप भरतो."

हे वाक्य माझ्याबद्दल होतं, पण माझ्या कानांसाठी नव्हतं. लग्नानंतरचा सत्यनारायण नुकताच आटोपला होता. मी स्वयंपाकघरात प्रसादाचे द्रोण भरत होते आणि हॉलमध्ये सासूबाई मोठ्या दिरांना सांगत होत्या. मी द्रोण भरत राहिले. शिरा जरा जास्त दाबून भरला गेला, एवढंच.

सासरचं नाशकात छोटं हॉस्पिटल आहे. खाली हर्निया, अपेंडिक्स, मुतखडे. वरच्या मजल्यावर मोठे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, प्लास्टिक सर्जन. माझा नवरा समीर भूल देतो. कारभार सगळा सासूबाईंचा. आमच्या काउंटरखाली एक कप्पा आहे, त्यात पेशंट विसरून गेलेले एक्स-रे साठतात. फेकवत नाहीत आणि कुणी न्यायलाही येत नाही. किस्स्यांचंही तसंच झालंय. म्हटलं, एकदा उजेडात धरून बघू तरी.

*

पहिल्या दिवशी सासूबाईंनी बिलबुकाला हळदकुंकू लावलं, मला खुर्चीत बसवलं आणि स्टाफला पेढे वाटले. "लक्ष्मी बसली काउंटरवर," म्हणाल्या. मग लक्ष्मीला काम शिकवायला नलूताई आल्या. त्या तिथे बारा वर्षं आहेत.

काम सोपं होतं. डिस्चार्जच्या वेळी पेशंटला विचारायचं, कच्चं की पक्कं? कच्चं म्हणजे साध्या पॅडच्या कागदावर आकडा. पक्कं म्हणजे छापील बिल. पक्कं म्हणाला, की लगेच सांगायचं, "मग अठरा टक्के जीएसटी लागेल." दहातले नऊ जण तिथेच कच्च्यावर येतात.

लग्नाआधी तीन वर्षं मी एका करसल्लागाराकडे नोकरी केली. डॉक्टरांच्या फायली माझ्याच टेबलावर असायच्या. मी हळूच म्हटलं, "नलूताई, उपचारांवर जीएसटी नसतो. कायद्यानंच माफ आहे."

"मला माहितीये की."

"मग?"

"पेशंटला माहीत नाही ना!"

उरलेला दहावा पेशंट अठरा टक्के भरायचा. छापील बिलात ती रक्कम 'इतर सेवा' म्हणून जायची. म्हणजे जीएसटी अगदी नियमित गोळा होत होता. फक्त सरकारला त्याचा पत्ता नव्हता.

*

विंचूरचे एक बाबा आले होते. कांदा पिकवणारे, हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, एका हाताने पोट धरून उभे. त्यांना पक्कं बिल हवं होतं. मी ठरलेलं वाक्य पुटपुटले. हो, पुटपुटले. अजून तेवढी निर्ढावले नव्हते.

बाबा म्हणाले, "पोरी, माझ्या कांद्याला नाय लागत जीएसटी. मग हर्नियाला कसा काय लागतो ओ?"

मला त्यांना नमस्कार करावासा वाटला. कायद्याचं पान न उघडता माणूस बरोबर जागी पोचला होता. पण मागून सासूबाई आल्या.

"बाबा, कांदा कच्चा विकता म्हणून नाही लागत. हर्नियावर आम्ही प्रक्रिया केली ना!"

वेटिंगमधले सगळे हसले. बाबाही हसले, आणि हसताना टाके दुखले म्हणून मटकन खाली बसले. कच्चं बिल घेऊन गेले. मी हसले नाही, तर सासूबाई नलूताईंना म्हणाल्या, "हिला विनोद कळत नाहीत वाटतं."

*

काउंटरच्या वर एक पाटी होती. 'पक्क्या बिलावर जीएसटी वेगळा आकारला जाईल.' लाल अक्षरांत.

एकदा मुतखड्याचे एक गृहस्थ अ‍ॅडमिट झाले. व्यवसाय लिहिताना कळलं, ते जीएसटी ऑफिसात आहेत. मी वर बघितलं, तर पाटी गायब! तिच्यावर नलूताईंनी गणपतीचं कॅलेंडर लटकवलं होतं. तीन दिवस बाप्पाने ती झाकून धरली. त्या तीन दिवसांत सगळ्यांना छापील बिलं, जास्तीचा एक पैसा नाही.

जाताना साहेबांनी आपलं बिल नीट वाचलं आणि सासूबाईंना म्हणाले, "बरं वाटलं मॅडम. नाहीतर काही ठिकाणी लोकांना जीएसटी सांगून लुबाडतात."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "काय सांगायचं साहेब. लोकांना लाजच उरली नाही."

ते गेटबाहेर पडेपर्यंत बाप्पा पुन्हा खिळ्यावरून खाली.

*

आता वरच्या मजल्याकडे चला. तिथला नियम खालच्यापेक्षा वेगळा आहे आणि पुढचं कळायला तो ठाऊक हवा. केस लावून घेणं, नाक टोकदार करणं, असल्या नुसत्या रूपासाठीच्या कामांना जीएसटी खरोखर लागतो. पण अपघात, भाजणं, जन्माचं व्यंग यांमुळे शरीराचा एखादा भाग बिघडला असेल आणि तो दुरुस्त करायचा असेल, तर प्लास्टिक सर्जरीलाही माफी आहे. कायदा इतका साधा आहे. दुखण्याला हात लावला तर माफ, हौसेला लावला तर भरा.

भाऊजींकडे केस लावायला बडी मंडळी येतात. बडी मंडळी टॅक्स भरत नसतात. मग त्यांच्या बिलावर काय लिहायचं? 'डोक्याला मार, टाके.' ते बिलबुकात लिहायचं काम माझं. माझ्या पहिल्या महिन्यातच सात टकले गृहस्थ मोटरसायकलवरून पडले. सगळे शनिवारी पडले. आणि सगळे बरोबर टाळूवर पडले.

त्यातल्या एका प्लॉटिंगवाल्या शेठजींचं बिल त्यांच्या घरी बायकोच्या हाती लागलं. बाई रडत-रडत हॉस्पिटलात आल्या, बरोबर दोन नणंदा आणि सहा शहाळी. शेठजी तेव्हा वर ड्रेसिंगला आलेले, डोक्याला पट्टी, पुढ्यात चिवडा.

"कधी पडलात? मला सांगितलं का नाही?"

शेठजींनी भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी माझ्याकडे. मी शहाळी मोजत होते. शेवटी शेठजी म्हणाले, "तुला टेन्शन नको म्हणून." बाई तिथेच नवस बोलल्या. तो त्या फेडतीलही बिचाऱ्या.

*

तुम्ही म्हणाल, नवऱ्याला का नाही सांगितलं? सांगितलं ना. रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो होतो, तेव्हा सगळं सांगितलं. कायद्यासकट. समीर वाईट नाही. त्याने मन लावून ऐकलं, माझ्या ताटलीत अर्धं लिंबू पिळलं, आणि म्हणाला, "तुझं बरोबर आहे गं. पण अजून तुझी मेंदीसुद्धा गेली नाही. आधी रुळ, मग बोल."

मी हात बघितले. मेंदी नखांवर तेवढी उरली होती. म्हणजे खोटं बिल लिहायला ओली मेंदी चालते. खरं बोलायला ती वाळून, उडून, नखं वाढून कापली जावी लागतात. मी मिसळ टाकून दिली. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं असं त्याला वाटलं, आणि मी वाटू दिलं.

*

आता शेवटचा.

मखमलाबादहून सुनंदाताई आल्या, सतरा वर्षांच्या वैशालीला घेऊन. यांची फुलशेती, झेंडू आणि शेवंती. लहानपणी वैशालीच्या उजव्या हातावर बंबातलं उकळतं पाणी सांडलं होतं. तीन बोटं एकमेकांना चिकटून तळहाताकडे वळलेली. पोर डाव्या हाताने फूल धरायची, दोरा दातात, आणि हार ओवायची. काउंटरसमोर बसल्या-बसल्या तिने एक गजरा पुरा केला. मी बघतच राहिले.

भाऊजींनी हात तपासला. डॉक्टर म्हणून ते हुशार आहेत, ते नाकारत नाही. म्हणाले, बोटं नक्की सुटतील, पण उशीर नको, सांधे आखडत चाललेत. अर्धे पैसे गावातलं फुलवाल्यांचं मंडळ देणार होतं. मात्र मंडळाला पक्क्या बिलाचं इस्टिमेट दाखवायला हवं होतं.

झालं. पक्कं म्हटल्यावर सासूबाई केबिनमधून बाहेर आल्या.

"अठरा टक्के जीएसटी लागेल, ताई. प्लास्टिक सर्जरी आहे ना. सौंदर्याच्या ऑपरेशनला सरकार टॅक्स घेतं, आम्ही काय करणार?"

सुनंदाताईंना आधी कळलंच नाही. मग म्हणाल्या, "सौंदर्यासाठी नाही ओ मॅडम. तिला दोरा धरता येत नाही."

"नियम तो नियम."

सुनंदाताईंनी पिशवीत बघितलं, मग लेकीकडे. वैशाली हात पदराआड न्यावा तसा ओढणीखाली घेऊन बसली. "राहू दे आई," म्हणाली, "जमतंय मला."

"दसऱ्याचा झेंडू गेला की येतो मग," सुनंदाताई उठत म्हणाल्या. दसरा पाच महिन्यांवर होता. भाऊजींनी सांधे आखडतायत हे पाच मिनिटांपूर्वीच सांगितलं होतं. आता ते काउंटरला टेकून मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होते. समीर दारात उभा होता. त्याने माझ्या हातांकडे बघितलं, मेंदी बघावी तसं.

तेवढ्यात जिन्यावरून प्लॉटिंगवाले शेठजी उतरले. त्यांचा दुसरा हप्ता होता, कानामागचे थोडे केस राहिले होते ते लावायचा. डोक्याला नवी कोरी पट्टी. "मॅडम, आमचं काय ते बिल?"

"देते ना," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई, शेठजींचं 'डोक्याला मार' काढ. जीएसटी नाही हं त्याला. आणि ह्या ताईंना बाहेरची वाट दाखव जरा."

मी छापील बिलबुक पुढे ओढलं. पुढच्या कोऱ्या पानावर इस्टिमेट लिहिलं, 'वैशाली, भाजल्यामुळे जुळलेली बोटं सोडवणे. जीएसटी माफ.' सही केली, शिक्का मारला, पान फाडून सुनंदाताईंच्या हातात दिलं. वेटिंगमध्ये पंधरा-वीस माणसं होती. नलूताईंचा हात कॅलेंडरकडे गेला.

मग मी बोलले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"आई, दोघांची बिलं उलटी झालीत. मार ह्या मुलीला लागलाय. शेठजींना नुसतं टक्कल आहे."