रुमालाखालची बोटं

“स्तनातली गाठ कॅन्सरची आहे. दुसरी स्टेज आहे. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करू.” पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासतात त्याचा, रिपोर्ट वाचून सांगितलं. शमीम, माझी बायको, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

कसला डोंबलाचा विचार! मी बैलांचा व्यापारी. बेल्ह्याच्या बाजारात तीस वर्षं काढलेली. पहिल्या भावाला हो म्हणायचं नाही, हे हाडात मुरलेलं. पाठ फिरवायची, दोन पावलं चालायची, भाव खाली येतोच. ऑपरेशन हा मला डॉक्टरांचा पहिला भाव वाटला.

कमीत सांगणारा भेटलाही. डिंभे धरणाच्या पुढं एक झाडपाल्याचे बाबा होते. कापाकापी नको, तीन महिने काढा घ्या, दूध-मीठ बंद करा, गाठ विरघळेल म्हणाले. शमीमला विचारलं, तर ती म्हणाली, तुमी म्हणाल तसं.

दर गुरुवारी आम्ही आमच्या निमगाव साव्याहून बाबांकडं निघायचो. खरं सांगतो, ते दिवस मला अजून आठवतात आणि हवेसे वाटतात. लग्न झाल्यापासून मी कायम बाजारात. इतका वेळ आम्ही शेजारी शेजारी कधी बसलोच नव्हतो. परतीच्या एसटीचा भरवसा नाही, म्हणून धरणाच्या पाण्याकडं तोंड करून बसायचं. ती स्वतः अळणी भाजी खायची आणि माझ्यासाठी पिशवीच्या तळातून ठेचा काढायची. काढ्याच्या वासानं मी नाक मुरडलं की हसायची. कसं वाटतंय विचारलं की उत्तर ठरलेलं, लई बरं.

तिसऱ्या महिन्यात एका गुरुवारी तिनं माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढला आणि आमच्या हातांवर टाकला.

आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात धरून बोटं दाबायची, म्हणजे शेजारच्याला आकडा कळत नाही. पहिल्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं होतं, दुखणं दहापैकी किती? तेव्हा तिनं आकडा सांगितलाच नव्हता, नुसतं बरं हाय म्हणाली होती. आता तिनं माझा अख्खा पंजा दाबला, मग तीन बोटं. आठ.

“कधीपासून?”

“पयल्या महिन्यापासून. तुमचा सौदा मोडायचा नव्हता मला.”

दुसऱ्याच दिवशी पुणं गाठलं. बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, “आता काखेत पसरलंय. तिसरी स्टेज.” मला रागानं काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग केमोथेरपी, म्हणजे सलाईनमधून कॅन्सरचं औषध. मग ऑपरेशन. मग परत केमो. डॉक्टर राउंडला आले की ती म्हणायची, बरं हाय. मी रुमाल टाकायचो आणि खरा आकडा सांगायचो, त्यावर दुखण्याची गोळी ठरायची. पुढं पुढं बाई स्वतःच रुमालाखाली हात घालायला लागल्या. बोटं मोजताना चुकायच्या, आणि शमीम इतकी हसायची की शेजारच्या खाटेवरच्या आजी उठून बसायच्या. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

दीड वर्ष मिळालं. मागच्या हिवाळ्यात ती गेली. त्या सकाळी मी रुमाल टाकला. तिनं एकच बोट दाबलं आणि तसंच धरून ठेवलं.

मी अजून बाजाराला जातो. कुणी रुमाल टाकला की हात जरा उशिरानं पुढं होतो. लोक म्हणतात, पावणं, म्हातारं झालं. म्हणू देत.

कुणाच्या घरात गाठ निघाली असेल, तर एका व्यापाऱ्याचं ऐका राव. दुवा मागा, नवस बोला, झाडपाला घ्यायचाच तर डॉक्टरांना विचारून घ्या. पण त्यांच्याकडं पाठ फिरवू नका. तिथं दोन पावलं चाललं की भाव वाढतो. जन्मभर मी जे केलं नाही ते तुम्ही करा. पहिल्याच भावाला हो म्हणा.